बाळंतिणीचा आराम कुणाच्या वाट्याला?

माझी मुलगी आज एकशे सहा दिवसांची झाली. तिला मांडीवर घेऊन, एका हाताने मोबाईलवर टाइप करत मी हा लेख लिहिते आहे. ती झोपली की चार ओळी होतात, उठली की काम बंद. त्यामुळे कुठे धागा तुटलेला वाटला तर समजून घ्या. तिथे ती रडली असणार.

मी रायपूरला राहते, समता कॉलोनीत. शेजारची चौबे कॉलोनी एका आडनावाची, आमची मात्र थेट समतेची. दोन वर्षांपूर्वी खोली बघायला आलो तेव्हा पाटी वाचून मला बरं वाटलं होतं. घरमालकीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आप लोग कौन हैं?" नवरा म्हणाला, "महाराष्ट्र से, गोंदिया के." त्या म्हणाल्या, "वो तो ठीक है, लेकिन कौन?" आडनाव सांगितलं, पण त्यावरून त्यांना काही अंदाज आला नाही. अंदाज आला नाही म्हणूनच खोली मिळाली. पुढे १४ एप्रिलला आमच्या दारातून बाबासाहेबांच्या फोटोचा हार दिसला आणि त्यांना उत्तर मिळालं. भाडं तेच राहिलं. सणासुदीला वर येणारी वाटी मात्र बंद झाली.

या एका इमारतीत यंदा तीन बाळंतिणी होत्या. तिघींची गोष्ट सांगितली की माझं म्हणणं निम्मं सांगून होईल.

पहिली खालच्या मजल्यावरची सून. माझ्या पंधरा दिवस आधी तिला मुलगा झाला. चाळीस दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. रात्रीसाठी एक बाई ठेवलेली, दिवसा सासू, नणंद, मालिशवाली. तुपातले सुंठीचे लाडू, वेळेवर गरम पाणी, वेळेवर जेवण.

दुसरी मी. एम.ए. झालेली, घराण्यातली पहिली पदवीधर. टाके ओले असतानाच दहाव्या दिवशी उभं राहून पोळ्या केल्या. आई गोंदियाहून आली होती, वीस दिवस राहिली आणि परत गेली. तिला घर आहे, तिथे काम आहे.

तिसरी आमची मालिशवाली. तिला मी दीदी म्हणते, ती मलाही दीदीच म्हणते. सतनामी समाजाची आहे, रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीतून चालत येते. खालच्या बाळाला आणि माझ्या नोनीला तेल लावून अंघोळ घालते, आम्हा दोघींचं अंग चोळून देते. पहिल्या आठवड्यात मी सहज विचारलं, तुला मुलं किती? म्हणाली, मोठी मुलगी आठ वर्षांची आणि धाकटा चार महिन्यांचा. चार महिन्यांचा! मी हिशोब केला. विसाव्या दिवसापासून ती कामाला लागली होती. म्हणजे ती दुसऱ्याच्या बाळंतिणीचं अंग चोळत होती तेव्हा स्वतःच बाळंतीण होती. बाळ कुणाजवळ असतं? मुलीजवळ. मुलीची शाळा? ती हसली. म्हणाली, "घर मा बइठ जाबो त खाबो का?"

एक इमारत, तीन बाळंतिणी, तीन प्रकारची विश्रांती. डॉक्टरांच्या पुस्तकात तिघींच्या गर्भाशयाला पूर्ववत व्हायला लागणारा काळ एकच आहे, साधारण सहा आठवडे. मग चाळीस दिवस, दहा दिवस आणि वीस दिवस हे आकडे कुठून आले? शरीराने ते ठरवलेले नाहीत. जातीने आणि तिच्या हाताला हात लावून चालणाऱ्या पैशाने ठरवले आहेत.

आता यावर एक ठरलेलं उत्तर येतं. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते आलं, आणि पाठवणारा माझाच इंजिनिअर झालेला चुलतभाऊ. मजकूर असा की आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वीच बाळंतिणीला सव्वा महिना सक्तीची रजा दिली होती, त्यामागे विज्ञान होतं, पाश्चात्त्यांना ते आत्ता कळतं आहे. खाली हात जोडलेले चौदा इमोजी.

भाऊ, थोडं थांब. कुणाचे पूर्वज?

त्या सव्वा महिन्याचं शास्त्रातलं नाव रजा नाही, अशौच आहे. लोकांच्या बोलण्यातलं सोयर. बाळंतीण स्वयंपाकघरात जात नाही कारण तिचा विटाळ होतो. तिचं ताट वेगळं असतं कारण ती शिवली तर बाटतं. मनुस्मृतीत अशौचाचे दिवस वर्णाप्रमाणे मोजून दिलेत: ब्राह्मणाला १०, क्षत्रियाला १२, वैश्याला १५ आणि शूद्राला पूर्ण महिना. मृत्यूचं जे सुतक, तोच हिशोब जन्मालाही लावला गेला. हे शरीराचं विज्ञान असेल तर सांगा, ब्राह्मण बाईचं शरीर दहा दिवसांत भरून येतं आणि शूद्र बाईचं तिसाव्या दिवशी, हे कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं?

खालच्या सुनेबद्दल मला असूया नाही, हे इथेच सांगते. चाळिसाव्या दिवसानंतर ती एकदा गच्चीवर भेटली. बी.कॉम. आहे, लग्नाआधी नोकरी करत होती. म्हणाली, "भाभी, चालीस दिन खिडकी से बाहर नहीं देखा." तिला जे मिळालं तो आराम तिच्या थकलेल्या शरीराची कदर म्हणून मिळाला नव्हता. ती अपवित्र आहे म्हणून मिळाला होता. ज्या तर्काने आमच्या आजीला गावच्या विहिरीपासून दूर ठेवलं, तोच तर्क तिला चाळीस दिवस खोलीत ठेवतो. फरक एवढाच की तिचा विटाळ चाळीस दिवसांनी फिटतो, आमचा फिटत नाही असं शास्त्र सांगतं.

आणि ती खोलीत बसली असताना घरातलं काम कोण करत होतं? या प्रश्नाशिवाय परंपरेतल्या रजेची गोष्ट पूर्ण होत नाही. बाळंतीण ज्यांना शिवत नाही, त्यांच्या ऐवजी तिला शिवणारं कुणीतरी लागतं. नाळ कापणारी, रक्ताचे कपडे धुणारी, वार पुरणारी. महाराष्ट्रात मांग-महारांच्या बायका गावोगाव सुईणपण करायच्या, उत्तरेत चांभार जातीच्या बायका. एका जीवाला जगात आणण्याचं कौशल्य त्यांच्या हातात, आणि त्याच कौशल्यामुळे त्यांचे हात अस्पृश्य. डॉक्टर तेच काम करतो तेव्हा त्याला मान मिळतो, फी मिळते. सुईणीला सुपात ओतलेलं धान्य मिळायचं, तेही वरून. त्या सुईणीचं स्वतःचं बाळंतपण झालं की तिला सव्वा महिना कोण देत होतं? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमचं'मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणींची उपासमार लिहून ठेवली आहे. तुपातल्या लाडवांचं विज्ञान मांडण्याआधी ती पानं वाचा.

म्हणून मी म्हणते, आपल्या परंपरेत बाळंतिणीला आराम होता हे वाक्य खोटं आहे. काही बायकांना विटाळ होता, आणि त्यांच्या विटाळाचं ओझं बाकीच्या बायकांच्या पाठीवर होतं.

आता आपल्याकडे येऊ. कारण हा लेख मी आपल्यासाठी लिहिते आहे, पहिल्या पिढीत शिकलेल्या आपल्यासाठी.

माझी आई बिड्या वळायची. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या हजारो बायकांसारखी. माझ्या वेळचं बाळंतपण झालं तेव्हा ती म्हणते, "आमच्या वक्ती कायचा आराम वो बाई? आठव्या रोजी सूप मांडीवर घेतलं मी." त्या सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, शेजारी झोळीत मी. हे ती अभिमानाने सांगते, आणि तिचा अभिमान मला कळतो. ज्याच्याकडे दुसरं काही नसतं तो आपल्या सोसण्याचा अभिमान बाळगतो.

पण हीच गोष्ट माझ्या नवऱ्याकडचे लोक सांगतात तेव्हा तिचा अर्थ बदलतो. "आमच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या आणि तासाभरात पुन्हा निंदणीला लागायच्या. तुम्ही शिकलेल्या नाजूक." आपल्या समाजातल्या भाषणांतही हे ऐकलं आहे. आमच्या आया वाघिणी होत्या, वगैरे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. आमच्या आया वाघिणी नव्हत्या. त्यांना रजा नव्हती. आठव्या दिवशी मांडीवर आलेलं सूप ही शौर्यकथा नाही, ते थकीत देणं आहे. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने प्रसूती लाभ बिडी उद्योगालाही लागू केला होता. माझ्या आईला तो कुणी सांगितलाही नाही. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईचं नाव ठेकेदाराच्या वहीत असतं तरी का? पाचव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते असं गावात म्हणतात. मला वाटतं, नशीब सटवीच्या आधी ठेकेदाराची वही लिहिते. आईचं नाव मस्टरवर आहे की नाही, तिथेच बाळाचे पहिले सहा महिने ठरतात.

हे कुणाला फार आधी कळलं होतं? जून १९२८ मध्ये 'समता' नावाचं पाक्षिक सुरू झालं, बाबासाहेबांच्या समाज समता संघाचं. आणि पुढच्याच महिन्यात, जुलै १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, हा त्यांचा मुद्दा. त्याचा बराचसा खर्च सरकारनेच उचलायला हवा; पण मालकही जबाबदार आहे, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याला त्याचा फायदा दिसतो, हा दुसरा मुद्दा. यात कुठेही मातेचा महिमा नाही, त्यागाची आरती नाही, विटाळ तर नाहीच. बाळंतपण हा समाजाच्या खर्चाचा प्रश्न म्हणून मांडला आहे. घराच्या चार भिंतींतून तो उचलून सभागृहाच्या टेबलावर ठेवला आहे.

हे बोलत होता तो माणूस कोण होता हेही आठवा. रमाईंना पाच मुलं झाली, चार दगावली. राजरत्न गेला १९२६ साली. म्हणजे या भाषणाच्या अवघ्या दोन वर्षं आधी. औषध, दूध, विसावा यांच्या अभावी मूल जाणं म्हणजे काय, हे त्या सभागृहात बसलेल्या गिरणीमालकांच्या प्रतिनिधींना माहीत नसेल. बाबासाहेबांना माहीत होतं. ते स्वतःच्या दुःखाबद्दल बोलले नाहीत. कायद्याबद्दल बोलले.

मुंबईत १९२९ साली कायदा झाला. मध्य प्रांतात १९३० साली झाला. रायपूर तेव्हा मध्य प्रांतातच होतं, म्हणजे मी आज जिथे बसून हे लिहिते आहे तिथेही तो लागू होता. अर्थात कारखान्यातल्या बायकांपुरता. १९४३ साली केंद्रात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभ कायद्याची दुरुस्ती मांडली. स्वतंत्र भारतात १९६१ चा कायदा आला. २०१७ मध्ये तो दुरुस्त होऊन पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच कलमं आहेत. आज जी कुणी सवर्ण मैत्रीण बँकेतून किंवा आयटी कंपनीतून सहा महिने रजेवर जाते, तिच्या रजेच्या कागदावर त्या १९२८ च्या भाषणाची शाई आहे. तिला हे कुणी शिकवलेलं नसतं. तिला बाबासाहेब म्हणजे आरक्षण एवढंच माहीत असतं.

छत्तीसगडचीच आणखी एक गोष्ट आपल्या लेकींना सांगितली पाहिजे. दल्ली राजहराच्या लोहखाणीतल्या मजुरांची युनियन होती. तिच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी गेल्या. त्या मजुरांनी नुसती शोकसभा घेऊन विषय संपवला नाही. त्यांनी ठरवलं, आपलं इस्पितळ आपण बांधायचं. स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या श्रमातून बांधलं, आणि १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. एका बाळंतिणीचा मृत्यू हा तिच्या नवऱ्याचा, सासूचा किंवा नशिबाचा विषय न राहता अख्ख्या युनियनचा विषय झाला. मला हवी ती दृष्टी हीच.

आता माझी गोष्ट. मी इथल्या एका महाविद्यालयात अतिथी व्याख्याता होते. तासाप्रमाणे पैसे. सातव्या महिन्यात रजेचं विचारायला गेले तर वरिष्ठ हसून म्हणाले, "अतिथि को छुट्टी नहीं होती मैडम. अतिथि तो जाता है." खोलीतले सगळे हसले. मीही हसले, याची मला आजही लाज वाटते. बाळंत झाले तोवर माझे तास दुसऱ्या कुणाला दिले गेले होते.

मग रात्री बाळाला पाजताना मी कायदा वाचायला लागले. सांगते काय सापडलं, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणी कंत्राटी, अतिथी, तासिका तत्त्वावर, एजन्सीमार्फत अशाच आहेत. कायद्यातली स्त्री म्हणजे मजुरीवर नेमलेली कोणतीही स्त्री, थेट नेमलेली असो की एजन्सीमार्फत. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पुरे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तिला कामावर ठेवणंच मना आहे. रजेत असताना तिला काढून टाकणं बेकायदेशीर आहे. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टर रोलवरच्या बायकांच्या खटल्यात सांगितलं की रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ द्यावाच लागेल. आणि २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटाची मुदत मध्येच संपली म्हणून प्रसूती लाभ तोडता येणार नाही.

मस्टर रोलवरच्या बायका म्हणजे रस्ते खोदणाऱ्या, खडी वाहणाऱ्या बायका. आपल्यासारख्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्या. त्या लढल्या म्हणून आज एम.ए. झालेल्या माझ्या अर्जात लिहायला एक निकाल आहे. आपण शिकून पुढे गेलो आणि आता मागच्यांना हात देऊ, असं आपण नेहमी बोलतो. इथे उलट आहे. खडी वाहणारीने मला हात दिला आहे.

मी लेखी अर्ज दिला आहे. दोन स्मरणपत्रंही दिली. उत्तर नाही.

पण दीदीचं काय? ती ज्या घरांत काम करते ती घरं कायद्याच्या दृष्टीने आस्थापना नाहीत. तिला ना २६ आठवडे, ना २६ दिवस. तिच्यासाठी सरकारची मातृवंदना योजना आहे म्हणे. नाव बघा, वंदना. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये देण्याची तरतूद आहे. प्रत्येक, असं कायदा म्हणतो. २०१७ ला योजना आली तेव्हा पहिल्या मुलासाठी फक्त ५००० झाले. पुढे दुसऱ्या मुलासाठी ६००० जोडले, पण ती मुलगी असेल तरच. दीदीचं दुसरं मूल मुलगा आहे. म्हणजे कायद्याने माता, योजनेने नाही. तिच्या शरीराने दुसऱ्यांदा तेवढंच रक्त गाळलं, पण कॉम्प्युटरमध्ये ते बसलं नाही.

आमच्या बायकांच्या गर्भाशयाची आठवण सरकारला येतच नाही असं मात्र नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ सकरीच्या नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ बायकांची शस्त्रक्रिया उरकली गेली. बिलासपूरच्या त्या शिबिरांत किमान १३ जणी मेल्या. बहुतेक दलित, आदिवासी, मागास जातींच्या गरीब बायका. कितीतरी जणींची मुलं अंगावर पीत होती. नसबंदी करायला एक सर्जन, रांगेत ८३ बायका, हे सरकारला जमतं. त्याच बायकांना बाळंतपणानंतर सहा आठवडे घरी बसता येईल एवढे पैसे द्यायला मात्र अटींची यादी लागते.

पुरुष मित्रांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. माझा नवरा चांगला माणूस आहे. दुपटी धुतो, बाळाला ढेकर काढतो. खाजगी कंपनीत आहे. बाळ झालं तेव्हा त्याला चार दिवस मिळाले, तेही स्वतःच्या सुट्टीतून कापून. त्याच्याशी माझं भांडण आहे, पण त्याच्या कंपनीशी जास्त आहे. माझं मोठं भांडण आहे ते आपल्या सरकारी नोकरीतल्या बांधवांशी. केंद्राच्या नियमांत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. आरक्षणाने मिळालेल्या नोकरीतली ही रजा तुम्ही कशासाठी वापरली? गावच्या घराच्या बांधकामाला? मुलाखतीच्या तयारीला? ३ जानेवारीला सावित्रीमाईंवर व्याख्यान द्यायला तुम्ही तीनशे किलोमीटर जाता. १८६३ साली सावित्रीमाई आणि जोतीरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, जिथे फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणं झाली. त्यातल्याच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. ज्या जातीने त्यांच्यावर शेण फेकलं त्या जातीच्या बाळंतिणीचं त्यांनी केलं. आणि तुम्हाला स्वतःच्या घरातल्या बाळंतिणीसाठी रात्री तीन वाजता उठवत नाही? उद्या ऑफिस आहे म्हणता. मलाही उद्या काम आहे. फक्त माझ्या कामाला कुणी ऑफिस म्हणत नाही.

आणि मी स्वतः? मीही सुटत नाही. पहिले पंधरा दिवस दीदीला मी चहा स्टीलच्या पेल्यात दिला आणि आम्ही कपात प्यायलो. का? कप कमी होते असं मी स्वतःला सांगितलं. कप कमी नव्हते. खालच्या मजल्यावर तिचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, ते पाहून पाहून माझा हातही तसाच वागायला लागला होता. समता कॉलोनीत राहायला आल्यावर आपण समता शिकत नाही, कॉलोनी शिकतो. चार पुस्तकं जास्त वाचलेल्या बाईने हे कबूल करायला हवं.

ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी कप बदलला, आणि दीदीला म्हटलं, उद्यापासून बाळाला घेऊन ये. मुलीला शाळेत पाठव. आधी ती तयार होईना. म्हणाली, नीचे वाली अम्मा बोलेंगी. मी म्हटलं, बोलू दे. दुसऱ्या दिवसापासून तो येतो. गुटगुटीत आहे, रांगायला बघतो. माझी मुलगी आणि तो एकाच चटईवर असतात. ती काम करते तोवर मी दोघांना सांभाळते. कधी मी गळून जाते तेव्हा ती दोघांना घेते आणि मी तासभर झोपते. बाळंतपणानंतर मला मिळालेला पहिला खरा आराम तोच होता.

चौथ्या दिवशी घरमालकीणबाई वर आल्या. म्हणाल्या, "इनके बच्चे ऊपर-नीचे करेंगे तो हमारे यहाँ भी छोटा बच्चा है. बीमारी लगती है." मी म्हटलं, "आंटी, आपके बच्चे को रोज़ नहलाने वाले हाथ इसी की माँ के हैं. बीमारी हाथ से नहीं लगती, बच्चे से लगती है क्या?" त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नवऱ्याला खाली बोलावून विचारलं की तुमचा करार कधी संपतो. बहुतेक खोली सोडावी लागेल. मांडीवर तान्हं बाळ घेऊन नवीन घर शोधायचं, आणि पुन्हा तोच प्रश्न ऐकायचा: आप लोग कौन हैं?

तरीही मला वाटतं, आपण पहिल्या पिढीतल्या शिकलेल्यांनी हे भांडण घेतलंच पाहिजे, आणि फक्त आपल्या रजेसाठी नको. आपली रजा आपण मिळवू, मिळवलीच पाहिजे. पण प्रत्येक बाळंतिणीला, ती प्राध्यापक असो की मालिशवाली, पहिलं मूल असो की तिसरं, मुलगा असो की मुलगी, पूर्ण सहा महिने सरकारी खर्चाने विश्रांती मिळाली पाहिजे, ही आपली मागणी असायला हवी. अन्न सुरक्षा कायद्यातले सहा हजार अटींशिवाय आणि आजच्या भावाने मिळाले पाहिजेत. वस्तीत पाळणाघर पाहिजे. बापाला रजा पाहिजे आणि ती त्याने बाळासाठीच वापरली पाहिजे. आणि सरकार देईल तेव्हा देईल, आपल्या घरात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणात पगारी रजा आपण आजपासून दिली पाहिजे. आपण तिचे मालक आहोत, हे मान्य करायला जड जातं, पण आहोत. आणि १९२८ साली बाबासाहेबांनी मालकाची जबाबदारी सांगितली होती तेव्हा त्यात आपल्याला सूट दिली नव्हती.

मुलगी उठली. आज तिसरं स्मरणपत्र घेऊन महाविद्यालयात जायचं आहे. या वेळी पोस्टाने पाठवणार नाही, तिला कडेवर घेऊन जाणार आहे. उत्तर देताना त्यांना दोघींकडे बघावं लागेल.

जय भीम.